मामांच्या चावीचं काय करायचं?

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून) :

सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका. चिंचवडमधलं आमचं भजनी मंडळ जुनं आहे, आषाढीला आमची दिंडी असते. दोन वर्षांपूर्वी थंडीत पुणे स्टेशनबाहेर खिचडी वाटताना आमच्या मनात आलं, की नुसतं खाऊ घालून परत यायचं नाही. मंदिरामागच्या सभागृहात आम्ही चौदा पुरुषांची राहायची सोय केली. आज सहा जण कामाला जातात, दोघे खोली घेऊन बाहेर पडले. बाकीच्यांकडून उत्सवात मांडव, भांडी, स्वयंपाक ही कामं सेवा म्हणून करून घेतो.

पण आता मंडळात वाद पेटलाय. काही विश्वस्त म्हणतात, जो काकड्याला आणि हरिपाठाला बसणार नाही त्याला ठेवू नये, माळ घातली की दारू आपोआप सुटते. आमच्याकडे एक ख्रिस्ती गृहस्थ आहेत, एक मुसलमान. दुसरं म्हणजे, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो ते साडेपाच महिने थेंबही न घेता राहिले. कोठीची चावी त्यांच्याकडे होती. मागच्या महिन्यात भाजीचे ४,२०० रुपये घेऊन गेले. बारा दिवसांनी परत आले, सध्या रोज पितात आणि रात्री ओट्यावर झोपतात. विश्वस्त म्हणतात कुलूप बदला, हे सगळं बंद करा आणि पुन्हा अन्नदान सुरू करा, त्यात पुण्य आहे आणि डोक्याला ताप नाही. नाहीतर निदान तीन महिन्यांत जो उभा राहिला नाही त्याला जाऊ द्या. गुरुवारच्या बैठकीत तसा ठराव येणार आहे. मामांच्या हाती चावी मीच दिली होती, त्यामुळे मला बोलायला तोंड नाही. मी काय करू?

ताई,

तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ त्या ओट्यापाशी थांबले. मामा परत आले, हे तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात. माझ्या लेखी तुमच्या दोन वर्षांच्या कामाची सगळ्यात मोठी पावती तीच आहे. पैसे घेऊन गेलेल्या माणसाला अख्खं पुणे मोकळं होतं. स्टेशन होतं, स्वारगेट होतं, कुठलाही पूल होता. ज्या दारात आपली नालस्ती होणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, त्याच दारात ते आले. आत या असं कोणी म्हटलं नाही, तरी ओटा सोडला नाही. मी बावीस वर्षं सरकारी रुग्णालयांत समाजसेविका म्हणून काम केलंय. वॉर्डातून न सांगता निघून गेलेले किती जण पाहिले असतील ते मोजलं नाही, पण आपणहून परत आलेले मात्र मला एकेक करून आठवतात.

म्हणून मामांपासूनच सुरुवात करते, आणि त्यातही चावीच्या आधी त्यांच्या तब्येतीपासून. रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, झटके येऊ शकतात, समोर नसलेली माणसं दिसायला लागतात. त्यात जीवही जातो. भल्या हेतूने एखाद्याला खोलीत ठेवून, बाहेरून कडी लावून, नामस्मरणावर 'उतरवण्याचे' प्रकार मी पाहिले आहेत. तसं कृपा करून होऊ देऊ नका. आणि डॉक्टरांना भेटेपर्यंत 'आजपासून बंद म्हणजे बंद' अशी शपथही त्यांना घालू नका. पिंपरीचं वायसीएम रुग्णालय तुम्हाला जवळ आहे, तिथे दाखवा. किती वर्षं पितात, रोज किती, शेवटची कधी घेतली, हे डॉक्टरांना खरंखरं सांगा. बी-१ जीवनसत्त्वाचा विषय तुम्ही स्वतः काढा, कारण उपाशीपोटी वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात ते उरलेलं नसतं आणि त्याचा फटका थेट मेंदूला बसतो. पुढच्या उपचारांसाठी पुण्यातच मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून ते हेच काम करत आलंय. दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मराठीतल्या सभाही शहरात होतात, त्यांना फी नसते.

आता माळेबद्दल. विश्वस्तांच्या म्हणण्यात खोटं काही नाही. माळ घालून दारू सुटलेली माणसं मीही पाहिली आहेत, तुमच्या दिंडीतही असतील. पण ती कशी सुटते, ते जरा बारकाईने बघा. माळ घातलेल्या माणसाला गुत्त्यावरचा मित्र आग्रह करत नाही, 'तो माळकरी झालाय' म्हणून सोडून देतो. एकादशी येते, वारी येते, पहाटेला उठायचं कारण मिळतं, संध्याकाळी टाळ घेऊन उभं राहायला चार माणसं मिळतात. संध्याकाळचा तो तास रिकामा राहत नाही आणि दारू नेमकी त्याच तासाला येते. हे सगळं खरं आहे, पण ज्याने आपण होऊन महाराजांपुढे मान वाकवली त्याच्यासाठी. खाटेच्या बदल्यात गळ्यात घातलेली माळ त्याला तसं काहीच देत नाही. उलट पुन्हा पाय घसरला की त्याला दोन पापं लागतात, एक पिण्याचं आणि एक माळ विटाळल्याचं. मग तो ओट्यावरसुद्धा येत नाही. मामांच्या गळ्यात माळ होती का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असली तर ती उतरवून ठेवायला सांगू नका. नसली तर आत्ता घालू नका.

काकड्याच्या सक्तीला माझा विरोध आहे आणि त्याचं पहिलं कारण अगदी व्यवहारातलं आहे. तुमची कामाला जाणारी जी सहा माणसं आहेत, त्यांपैकी कितीजण केटरिंगला जातात ते बघा. लग्नसराईत वाढप्याचं काम रात्री बारा-एकपर्यंत चालतं. भांडी आवरून, मिळेल त्या वाहनाने परत येईपर्यंत दोन वाजतात. त्याला चार वाजता काकड्याला उठवलंत, तर एक तर त्याचा काकडा जाईल नाहीतर दुसऱ्या दिवशीचं काम. मार्केट यार्डात हमालीला जाणाऱ्याची अडचण उलटी असते, काकड्याच्या वेळेला तो घराबाहेर पडलेला असतो. ज्याला स्वतःच्या पायावर उभं करायला निघालो, त्याच्या पायात आपलंच वेळापत्रक अडकवायचं?

दुसरं कारण तुमच्याच परंपरेतलं आहे. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे धर्मशाळा बांधल्या. ते दिवसा झाडू घेऊन गाव साफ करायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. त्यांची दशसूत्री तुमच्या सभागृहाच्या भिंतीवर बहुधा असेलच. नसली तर लावा. 'भुकेलेल्यांना अन्न' तिच्यात पहिलं आहे, पण यादी तिथे संपत नाही. 'बेघरांना आसरा' आहे, 'बेकारांना रोजगार' आहे, आणि शेवटी 'दुःखी व निराशांना हिंमत' आहे. 'कीर्तनाला बसेल त्याला आसरा' असं तिच्यात कुठेही नाही. देवाधर्माची अट न घालता बाबांनी दुसऱ्याच्या हाती भाकरी दिली. मंडळानेही तेच करावं. काकडा तुम्ही करा, रोज करा, दार उघडं ठेवून करा. ज्याला यावंसं वाटेल तो येईल. तुमचे ख्रिस्ती गृहस्थ रविवारी चर्चला जात असतील तर त्यांच्या चहाचं आधीच बघून ठेवा, आणि मुसलमान भावाला रमजानमध्ये सहरीला दोन पोळ्या झाकून ठेवा. याने तुमच्या विठ्ठलाचं काही कमी होणार नाही.

एक लांबचं उदाहरण सांगते, ते तुमच्या पुढच्या प्रश्नाला उपयोगी पडेल. १९४९ मध्ये पॅरिसजवळच्या नुइली-प्लेझांस इथे आबे पिएर नावाच्या कॅथलिक धर्मगुरूकडे ज्योर्ज नावाचा माणूस आला. खुनाच्या गुन्ह्यात लांबलचक शिक्षा भोगून सुटलेला, घरात जागा उरलेली नाही, जीव देण्याचा प्रयत्न करून वाचलेला. आबे पिएरनी त्याला सांगितलं, की तुला द्यायला माझ्याकडे काही नाही, पण मी बेघरांसाठी घरं बांधतोय, मला मदत करशील का? ज्योर्ज थांबला. तिथून 'एमाउस' उभं राहिलं. बेघर माणसं तिथे एकत्र राहतात, लोकांनी टाकलेलं सामान गोळा करतात, दुरुस्त करतात, विकतात आणि त्यावर आपला समुदाय चालवतात. त्यांना लाभार्थी म्हणत नाहीत, सोबती म्हणतात. संस्थापक धर्मगुरू असूनही येणाऱ्याला त्याचा धर्म विचारत नाहीत.

ज्योर्जला जगवलं ते 'तू मला हवा आहेस' या वाक्याने. तुम्ही मामांना चावी दिलीत तेव्हा त्यांना हेच सांगितलंत. साडेपाच महिने ते कशावर कोरडे राहिले असं तुम्हाला वाटतं? पहाटे कोठी उघडायची, डाळ-तांदूळ मोजून द्यायचे, संध्याकाळी कुलूप लावून चावी कमरेला खोचायची. आपल्याशिवाय चौदा माणसांची चूल पेटत नाही, हे त्यांना रोज सकाळी कळत होतं. तुम्ही चूक केली नाहीत, ताई. तुमचं तोंड बंद होण्यासारखं काही घडलेलं नाही.

चूक झाली ती वेगळीच. चावी आणि रोख रक्कम एकाच माणसाच्या हाती होती. हे मामांच्या बाबतीत नको तसं खजिनदारांच्या बाबतीतही नको. भाजीचे पैसे दोघांनी मिळून न्यावेत, चिठ्ठी आणावी, वहीत दोघांच्या सह्या असाव्यात. नियम सगळ्यांना एकच ठेवा, म्हणजे तो कोणावर अविश्वास ठरत नाही. ४,२०० रुपये मामांच्या नावावर उसने म्हणून लिहा. पोलिसात जाऊ नका आणि माफही करू नका. कामाला लागले की आठवड्याला शंभर-दोनशे, जे जमेल ते त्यांनी आपल्या हाताने भरायचं आणि दर वेळी वहीत सही करायची. माफ केलेले पैसे माणसाच्या मानेवर बसून राहतात. फेडलेले पैसे उतरतात. चावी लगेच परत देऊ नका, पण रिकामंही ठेवू नका. पाण्याची टाकी, दिवाबत्ती, ज्यात रोकड नाही असं एखादं रोजचं काम फक्त त्यांच्यावर सोपवा.

एमाउसची गोष्ट मी इथेच थांबवली तर ती अर्धवट राहील. २०२४ मध्ये त्या चळवळीने स्वतःच एक चौकशी अहवाल जाहीर केला. आबे पिएर यांनी अनेक स्त्रियांवर लैंगिक अत्याचार केल्याचे आरोप त्यातून पुढे आले. ते २००७ मध्येच वारले होते. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने नंतर आपलं नाव बदललं. अहवालाच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, उत्तर फ्रान्समधल्या एमाउसच्या काही समुदायांत कागदपत्रं नसलेल्या सोबत्यांनी संप केला होता, 'आमच्या कामाचा गैरफायदा घेतला जातो' म्हणून. ज्यांच्याकडे जायला दुसरं घर नाही त्यांच्यावर आपली सत्ता चालते, मग आपण कितीही भले असू. देवाचं नाव घेणाऱ्या संस्थेत ही सत्ता दिसत नाही, कारण तिला सगळे सेवा म्हणतात. तुमच्या चौदा जणांना तक्रार करायची असेल तर ती मंडळाबाहेरच्या कोणाकडे करता आली पाहिजे. एखादे निवृत्त डॉक्टर, वकील, शाळेतले तुमचे जुने सहकारी, कोणीही चालेल. त्यांचा फोन नंबर भिंतीवर लावा.

म्हणूनच उत्सवातल्या 'सेवे'बद्दल मी थोडं कठोर बोलणार आहे. आपण राहतो ती जागा झाडणं, आपली ताटं घासणं, पाळीने स्वयंपाक करणं हे घरातलं काम. ते सगळ्यांनी करावं, त्याला पैसे नसतात. पण ज्या कामासाठी मंडळाने एरवी मांडववाला किंवा आचारी लावला असता, ते काम बेघर माणसाकडून फुकट करून घेणं म्हणजे सेवा नाही. १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणं ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमाखाली वेठच आहे. नाही म्हणायची सोय नसलेल्या माणसाचा 'हो' सेवेत धरू नका. त्याला मजुरी द्या, हातात द्या, आणि त्यातून त्याला देवापुढे अकरा रुपये ठेवावेसे वाटले तर ठेवू द्या. ती खरी सेवा. तुमची दिंडी आठवा. तंबू ठोकणारा, टँकरवर बसणारा, विणेकरी, तुळस घेतलेली बाई, सगळे एकमेकांना माऊली म्हणत चालतात आणि सगळ्यांना काम असतं. तरी ट्रकच्या ड्रायव्हरला तुम्ही त्याचा पगार देताच ना?

अन्नदानाला मी कमी लेखत नाही. पण पुण्यातच हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली, ती फुकट नव्हती. परवडेल अशा दरात पोटभर झुणका-भाकर. खिशातले पैसे देऊन जेवणारा माणूस ताठ बसतो, 'भाजी खारट झालीय' असं म्हणू शकतो. तुमच्याकडेही जे कमावतात त्यांच्याकडून थोडी वर्गणी घ्या, दिंडीत घेता तशी. आणि एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही तरी सांगते. उत्सवाच्या फ्लेक्सवर या माणसांचे फोटो लावू नका. गावाकडचं कोणी ओळखेल या धास्तीने माणूस रातोरात निघून जातो.

विश्वस्त 'आपलं काम नव्हे' म्हणतील तेव्हा त्यांच्यापुढे एक हिशेब मांडा. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७० हजारांहून जास्त बेघर मोजले गेले. दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारं एक निवारागृह हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं. केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची सोय धरलेली होती. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११ मध्येच १७ लाखांच्या वर होती. म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने किमान सतरा निवारे, सतराशे माणसांची सोय. त्यात तुमच्या चौदा खाटांची गरज किती आहे ते कळेल. महापालिकेच्या समूह संघटकांना भेटा आणि तुमच्या जागेला निवारागृह म्हणून रीतसर मान्यता मिळते का ते विचारा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या तुमच्या उद्देशांत बेघरांचा निवारा बसतो का, तेही एकदा वकिलाकडून बघून घ्या.

मान्यतेचा आग्रह धरते, कारण तिच्यावर कागद अवलंबून असतात. मी पहिल्यांदा एका माणसाला बँकेत घेऊन गेले तेव्हाची गोष्ट. खिशातून त्याने प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यात दुसरी, तिच्यात तिसरी. सगळ्यात आत रुग्णालयाचा केसपेपर आणि आईचा छोटा फोटो. फॉर्मवर नाव लिहून झालं आणि 'पत्ता' या शब्दापाशी त्याने पेन टेबलावर ठेवलं. बराच वेळ तो त्या रिकाम्या ओळीकडे बघत बसला आणि मग मला विचारलं, 'ताई, वॉर्ड नंबर लिहू का?'

त्या ओळीत लिहायला तुम्ही त्यांना पत्ता देऊ शकता. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र आधारच्या कागदपत्रांत चालतं. पुष्कळांचं आधार आधीच निघालेलं असतं, कार्ड तेवढं हरवलेलं असतं. केंद्रावर बोटांच्या ठशांवरून नंबर परत मिळतो, आणि हमालीने ठसे झिजले असतील तर डोळ्यांवरून. दुसरा कुठलाच कागद नसेल तर बँकेत फोटो आणि अंगठ्यावर 'छोटं खातं' उघडता येतं. त्यात एका वेळी ५० हजारांपर्यंत शिल्लक आणि वर्षभरात एक लाखापर्यंत जमा चालते, महिन्याला दहा हजार काढता येतात. बारा महिन्यांच्या आत पक्क्या कागदांसाठी अर्ज केल्याचं दाखवलं की मुदत वाढते. मतदारयादीतही नाव लागतं. बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा मागत नाहीत, निवडणुकीचे कर्मचारी रात्री येऊन तो खरंच तिथे झोपतो का ते बघून जातात. हे आधी केलंत तर पगार खात्यात येईल, उशाखाली राहणार नाही. आणि भाजीच्या पैशांचा मोह जसा मामांना झाला, तसा स्वतःच्या पगाराचा मोह बाकीच्यांनाही होतो. रोख पगाराची संध्याकाळ सगळ्यात वाईट.

कोणी एकटाच बडबडत असेल, अंघोळीला घाबरत असेल, जेवणात विष आहे म्हणत असेल, तर तो आळशी किंवा उर्मट नसून आजारी असू शकतो. त्यालाही डॉक्टरकडे न्या. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवणारी डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था कर्जतला आहे, २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर थुंकी तपासा. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

आता तीन महिन्यांचा ठराव. नवीन माणूस आला की पहिले पंधरा दिवस तो नुसता झोपतो. विश्वस्तांना ते ऐदीपणाचं लक्षण वाटत असेल. पण फुटपाथवरचा माणूस वर्षानुवर्षं पूर्ण झोपलेलाच नसतो. चपला डोक्याखाली, पिशवीची दोरी पायाला, पाऊस आला की ऊठ, पोलीस आले की ऊठ. ती झोप भरून निघाल्याशिवाय बाकी काही सुरू होत नाही. मग दात, डोळे, पाय यांची दुखणी. मग कागद, मग काम, मग दोन-चार कामं सुटणं, मग एक टिकणं, मग खोलीच्या डिपॉझिटएवढी शिल्लक. यात तीन महिने कुठे पुरणार? एखाद्याला दोन पुरतील, एखाद्याला दोन वर्षं. ठराव करायचाच असेल तर असा करा, की दर महिन्याला प्रत्येकाशी बसून पुढच्या महिन्याचं एक काम ठरवायचं आणि मागचं झालं का ते बघायचं. दारू पिऊन आत यायचं नाही, हाणामारी करायची नाही, हे नियम कडक ठेवा. पण एक रात्र बाहेर काढलेल्याला दुसऱ्या दिवशी दार कसं उघडेल, तेही त्यातच लिहून ठेवा.

'उभा राहिला' कोणाला म्हणायचं, यात मी स्वतः मोठी चूक केली आहे. पाय मोडून दाखल झालेला एक माणूस आमच्या वॉर्डात तीन महिने होता. तो नको नको म्हणत असताना मी त्याच्या भावाचा पत्ता शोधून काढला आणि दिवाळीच्या दिवशी, त्याला आनंद होईल म्हणून, भावाला थेट खाटेपाशी आणून उभं केलं. दोघांचे डोळे भरले, आम्ही पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी होती. कुबड्या गेल्या होत्या, चपला खाटेखालीच होत्या. घरी जायला तो तयार नव्हता, कारण घरी न्यायला त्याच्याकडे काहीच नव्हतं, आणि ते मला सांगायला त्याने दोनदा तोंड उघडलं होतं. मी ऐकलं नव्हतं. घरच्यांशी भेट कधी घालायची ते त्या माणसाला ठरवू द्या. आधी कमाईतून चारशे रुपये गावी पाठवू द्या, मग फोन, मग भेट.

खोली घेऊन गेलेल्या त्या दोघांचं काय चाललंय, हे तुम्ही लिहिलं नाही. एकटी खोली पुष्कळांना खायला उठते, म्हणून दोघा-तिघांनी मिळून घ्यायला सांगा, डिपॉझिट मंडळाने बिनव्याजी द्यावं. रविवारी जेवायला त्यांना हक्काने बोलवा. आणि गुरुवारच्या बैठकीला त्या दोघांना घेऊन जा. तीन महिन्यांत ते कुठे होते आणि दहाव्या महिन्यात कुठे, हे त्यांच्या तोंडून ऐकू द्या. विश्वस्तांनी परवानगी दिली तर एकाला समितीवर घ्या. सोबत नवीन वही न्या, पहिल्या पानावर मामांचे ४,२०० लिहून. त्याच्याखाली हप्त्यांचे रकाने आखून ठेवा.

पण मामांसाठी गुरुवारपर्यंत थांबू नका. आज संध्याकाळी हरिपाठ झाला की ओट्यावर जा आणि शेजारी बसा. पैशांचा विषय काढू नका, त्यांनी काढला तर 'वहीत लिहिलंय, बघू आपण' एवढंच म्हणा. एक पांघरूण न्या. सकाळी वायसीएमला केसपेपरची रांग लवकर लागते, तेव्हा साडेसातला निघायचं आहे आणि मी सोबत येणार आहे, हे त्यांना आजच सांगून ठेवा.